नाबेउराचा लाल माणूस

पार पूर्वेला, जपानच्या किनाऱ्यावर, नाबेउरा नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथल्या सादाओची ही गोष्ट. त्याला पाहिलेली माणसं आज फारशी उरली नाहीत, पण त्याचं नाव घेतल्याशिवाय तिथलं पोर मोठं होत नाही.

सादाओ लहान असताना समुद्र गावात शिरला आणि त्याच्या आईवडिलांना घेऊन गेला. मामाने त्याला तोक्योला नेलं. तिथे तो काडेपेट्यांवरची चित्रं काढायला शिकला, मग साबणाची, चहाची, सिनेमाची पोस्टरं. महायुद्धात जळालेलं शहर पुन्हा उभं राहिलं, तेव्हा भिंतीभिंतीवर सादाओ झळकत होता. चित्रातली एकेक रेघ तो कमी करत जायचा, आणखी एक कमी केली तर चित्र मोडेल इथवर. त्याच्या पोस्टरवरचा मासा पाहून मांजरं भिंतीवर झेपा घ्यायची, असं म्हणतात.

ही कीर्ती ऐकून नाबेउराचे म्हातारे गावप्रमुख कागेयामा यांनी त्याला बोलावलं. "पाहुण्यांची रीघ लागेल असं आपल्या किनाऱ्याचं पोस्टर कर."

सादाओ किनाऱ्यावर जाऊन उभा राहिला. घरं पुन्हा पाण्याला भिडली होती. लाटेचं नावही कुणी काढत नव्हतं. त्याने पोस्टर केलं. खाली सगळं निळं, आणि वर चढण धावत जाणारा एक लाल माणूस. अक्षर एकही नाही.

"हे बघून कोण येईल इथे?" कागेयामा कडाडले.

"हे येणाऱ्यांसाठी नाही, आजोबा. पळणाऱ्यांसाठी आहे."

कागेयामांनी पोस्टर फाडलं. सादाओने तोक्योची कामं सोडली आणि टेकडीकडे जाणाऱ्या प्रत्येक गल्लीत, भिंतीवर लाल माणूस रंगवला. कागेयामांची माणसं चुना फासायची, तो पुन्हा रंगवायचा. मोठी माणसं हसायची. पोरांना मात्र खेळ सापडला. एका लाल माणसापासून दुसऱ्यापर्यंत पळत सुटायचं, थेट टेकडीपर्यंत.

मग एका दुपारी जमीन हादरली. समुद्र मागे सरकला, इतका की तळाचे खडक उघडे पडले. मासे तडफडत होते. लोक टोपल्या घेऊन खाली धावले. सादाओ जीव तोडून ओरडला, कुणी ऐकेना. तेव्हा तो पोरांकडे वळला. "चला, लाल माणूस!"

पोरं उधळली. त्यांच्यामागे घाबरलेल्या आया, आयांमागे बाप. रिकाम्या किनाऱ्यावर एकटे कागेयामा उरले, गुडघ्यांनी अधू. सादाओ परत फिरला. त्यांना पाठीवर घेऊन तो चढू लागला. मागे पाणी गर्जत होतं. कोसळत्या घरांच्या धुळीत वाट दिसेना. तेव्हा चुना फासलेल्या भिंतींमधून लाल माणसं बाहेर आली आणि पुढे धावू लागली, असं म्हणतात. टेकडीच्या शेवटच्या पायरीवर त्याने म्हाताऱ्याला वर ढकललं. त्याला स्वतःला मात्र लाटेने ओढून नेलं.

मरेपर्यंत कागेयामा त्या भिंती स्वतःच्या हाताने रंगवत राहिले. आजही वसंतात अख्खं गाव लाल रंग घेऊन बाहेर पडतं, आणि मग लहानथोर सगळे टेकडीवर धावत जातात. वर पोचलेला प्रत्येकजण समुद्राकडे तोंड करून ओरडतो, "सादाओ, मी पोचलो!"

शेवटचा माणूस ओरडेपर्यंत कुणी खाली उतरत नाही.