रुमालाखालच्या गोळ्या

“स्वामी, घरच्या सुनेवर विश्वास टाकायचा नाही, तर मग टाकायचा कुणावर?”

वीरभद्र शेटे उजवा पाय उशीवर ठेवून विचारत होते. सांगलीच्या हळद बाजारात त्यांच्या शब्दाला वजन. पण आज अंगठ्यावर धोतराचं टोकही सोसवत नव्हतं.

“केलं काय तिनं?” स्वामी म्हणाले. मठात येण्याआधी तीस वर्षं ते एका दवाखान्यात कंपाउंडर होते.

“पायाचे डॉक्टर म्हणाले, गाउट. युरिक अ‍ॅसिड वाढलंय. मांस आम्ही खात नाही, दारू शिवत नाही. डाळीही सोडल्या. तरी अंगठा पुन्हा पेटला! म्हणजे नीलाच भाजीत चोरून डाळ घालत असणार. बोललो चार शब्द. ‘मामंजी, उद्यापासून पातेल्याला कुलूप लावा,’ म्हणाली आणि गेली माहेरी. आता पोरगाही माझ्या पंक्तीला बसत नाही.”

“पाय कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

“दिवाळीत नवीन काय आलं?”

“घरात? काहीच नाही.”

“पोटात?”

शेट्यांचा हात बंडीच्या खिशावर गेला.

“प्रेशरच्या डॉक्टरांनी गोळी बदलली. पाण्याची गोळी म्हणतात. लघवीला सारखं उठावं लागतं.”

“पायाच्या डॉक्टरांना सांगितलंस?”

शेटे मिशीत हसले. “एका दुकानचा भाव दुसऱ्या दुकानी सांगणारा व्यापारी बुडतो, स्वामी. याचं त्याला कळू द्यायचं नाही, त्याचं याला. दोघंही वठणीवर राहतात.”

स्वामींनी खांद्यावरचा रुमाल काढून शेट्यांच्या हातावर टाकला. हळदीचा जुना सौदा असाच व्हायचा. कापडाखाली बोटं दाबायची, भाव दोघांनाच ठाऊक. शेट्यांची बोटं सवयीनं पुढे सरकली.

स्वामींनी ती धरलीच नाहीत.

“विहीर उपसली की तळाला काय उरतं?”

“गाळ.”

“पाण्याची गोळी पाणी उपसते, अ‍ॅसिड मागे ठेवते. एखाद्याच्या अंगठ्यात तोच गाळ उतरतो.”

शेट्यांनी दुसऱ्या हातानं बंडीच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि खिडकीकडे भिरकावायला उचललं.

स्वामींनी मनगट धरलं.

“सुनेला घालवलंस, तसंच हिलाही? न विचारता?”

“हिनंच पाय धरला माझा!”

“आणि काळीज सांभाळलं. ठेवायची की बदलायची, ते डॉक्टर ठरवतील. दुसऱ्या गोळ्याही असतात. अंगठाही निवतो... निवलेले पाहिलेत मी.”

कितीतरी दिवसांनी शेट्यांना मोकळा श्वास आला. पाकीट त्यांनी खिशात परत ठेवलं, काठी ओढली आणि चाचरत विचारलं,

“आधी कुठे जाऊ, स्वामी? डॉक्टरांकडे, की नीलाच्या माहेरी?”

स्वामींनी त्यांच्या हातावरचा रुमाल उचलला, घडी केली आणि स्वतःच्या आसनाखाली सरकवला.

“कुठेही जा. दोन्हीकडे हिशेब तेवढा खरा मांड.”