आवडूची मिरवेल

माघातला सोमवार, सकाळची वेळ. तेरवळ्याच्या खाडीत भरती पुरी चढली आहे आणि बंदराच्या फरशीवर मिरीचा बाजार भरतो आहे. फरशीच्या टोकाला उंडीचे एक जुने झाड आहे. त्याच्या खालच्या फांद्यांवर रुमाल, पंचे आणि उपरणी टांगलेली आहेत, आणि बुंध्यावर एक मिरवेल थेट शेंड्यापर्यंत चढली आहे. वेल हिरवीगार आहे, पण तिच्यावर मिरीचा एक घोसही नाही.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांचे लक्ष आधी रुमालांकडे जाते.

"नवसाचे आहेत का हो हे?" एका बाईंनी विचारले.

"नवस?" सोनू घाडी हसले. बंदरावरच्या देवीचे मानकरी ते. सत्तरी ओलांडली तरी आवाज खणखणीत. "बाई, हे रुमाल व्यापाऱ्यांचे. खांद्यावरचे कापड झाडाला टांगल्याशिवाय इथे कुणाला मिरी मिळत नाही. आणि वेलीचे म्हणाल, तर कृषी विद्यालयातले लोक येऊन पाहून गेले. म्हणाले, नरवेल असेल. असेलही. आमच्याकडे मात्र दुसरे सांगतात."

ते जे सांगतात ते असे.

फार पूर्वी तेरवळ्याची मिरी समुद्रापार जात असे. माघात पश्चिमेकडून एक गलबत येई आणि मिरी भरून वारा फिरायच्या आत निघून जाई. गलबताचा मालक नाखवा परमुलखातला, त्याची भाषा इथे कुणाला येत नव्हती. म्हणून मध्ये दलाल असे. त्याचे नाव गोपशेट. भाव ठरे तो रुमालाखाली. दलाल आणि शेतकरी शेजारी बसत, हातांवर रुमाल पडे आणि बोटे दाबून बोलणी होत. खंडीला जितके होन, तितकी बोटे. मूठ दाबली म्हणजे पाच. बोलणी चालू असताना खाली बघायचे नाही, नजर समुद्राकडे ठेवायची, अशी रीत होती.

त्याहून कडक होती शपथ. पहिल्यांदा मिरी विकायला आलेल्या माणसाने देवीसमोर म्हणायचे, "रुमालाखालचा भाव तोंडाबाहेर काढीन, तर माझ्या वेलीला फळ धरू नये." सगळ्यांनी ही शपथ घेतली होती. गोपशेटने घेतली नव्हती, कारण त्याच्याकडे वेलच नव्हती. यात काही खटकण्यासारखे आहे, हे म्हणे त्या काळी कुणाच्या ध्यानात आले नाही.

त्या वर्षांत मिरीचा भाव दर माघात उतरत होता. गोपशेट सांगे, "तिकडे मिरीक आता कोण इचारता? कोठारा भरलेली आसत. मी म्हणून घेतंय." लोक मान हलवत घरी जात. कुणी वेल तोडून पोफळी मोकळ्या केल्या, कुणी बागच सोडून दिली. वरच्या वाडीत चुलीला सरपण म्हणून मिरवेली जळत होत्या, असे सांगतात.

आवडूच्या घरी विहिरीजवळच्या पोफळीवर एकच वेल उरली होती. ती तिच्या आईने लग्नात ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेल्या फुटव्याची. आई गेली, मागून नवराही गेला, आणि आवडू त्या वेलीशी बोलत असे. दीर धाकू हे सगळे बघत होता. माणूस वाईट नव्हता, पण पोटाला चिमटा बसला की माणूस हिशेबी होतो.

"वयनी, ह्या सालाक शेवटचा," बाजाराच्या दिवशी तो म्हणाला. कोयतीला धार लावणे चालूच होते. "दोन बोटांच्या वर भाव इलो तर वेल ऱ्हवांदे. नायतर उद्या तोडूया."

"आणि वर इलो तर कोयती खंय ठेवशीत?"

"तुझ्या हातात दितंय. मग तूच माका तोड."

आवडू हसली खरी, पण डोक्यावरची टोपली तिला त्या दिवशी नेहमीपेक्षा जड लागली. वाटेत तिच्या मनात एकच प्रश्न घोळत होता, आणि तो तिला लहानपणापासून छळत आला होता. ज्या मिरीला तिकडे कुणी विचारत नाही, तिच्यासाठी हा नाखवा एवढा समुद्र ओलांडून दर साल येतो कशाला?

त्या वर्षी गलबत उशिरा आले होते. वारा फिरायला लागला होता आणि नाखव्याला घाई होती. एरवी त्याची आणि गोपशेटची बोलणी गलबतावर होत. या खेपेला तो स्वतः फरशीवर येऊन बसला. गोपशेटचा जीव दोन्हीकडे. शेतकऱ्यांकडून माल किती स्वस्त मिळतो ते कळल्याशिवाय त्याला नाखव्याला शब्द द्यायचा नव्हता, आणि नाखवा तर थांबायला तयार नव्हता. मग त्याने तोवर कुणी न केलेली गोष्ट केली. स्वतः मध्ये बसला, उजवीकडे नाखवा, डावीकडे शेतकरी, आणि तिघांच्या हातांवर एकच मोठे उपरणे टाकले. दोन्ही हातांनी दोन भाव. रीतीप्रमाणे तिघांचीही नजर समुद्राकडे.

आवडूची पाळी आली. तिने टोपली पुढे ठेवली आणि हात उपरण्याखाली घातला. गोपशेटने तिची दोन बोटे दाबली. मग एक सोडले. म्हणजे दोनही नाही, एकच. तेवढ्यात टोपलीतल्या सुक्या मिरीची धूळ वाऱ्याने उडाली आणि नेमकी गोपशेटच्या नाकात गेली. त्याला शिंक आली. एकामागून एक अशा शिंका आल्या की त्याचे दोन्ही हात उपरण्याबाहेर, नाकावर.

उपरण्याखाली आवडूचा हात तसाच राहिला. आणि दुसऱ्या बाजूने एक हात चाचपडत आला आणि त्याने तिचा हात धरला.

तो हात दलालाचा नव्हता, हे तिला तत्क्षणी कळले. दोर ओढून ओढून त्याला घट्टे पडले होते. त्या हाताने तिची मूठ दाबली. पाच. मग आणखी दोन बोटे. सात. हात काढून घ्यावा, असे तिला वाटले. पण त्याहून जास्त वाटले, की अजून काय आहे ते बघावे. तिने नकाराचा एक हलका झटका दिला. समुद्राकडे बघत असलेल्या नाखव्याने नाखुशीने आणखी एक बोट दाबले.

आठ. आणि तिला मिळत होता एक.

गोपशेटने डोळे पुसले, हात परत आत घातले, आणि जिथे नसावा तिथे आवडूचा हात त्याला लागला. त्याचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "गो आवडू, हात काढ भायर. आणि गप घराक जा. शपथ ध्यानात ठेव."

ती उठली. बोलली नाही, तर उद्या धाकूची कोयती वेलीवर पडणार. बोलली, तर देवीची शपथ वेलीवर पडणार. दोन्हीकडून जाणार ती आईची वेलच. असे म्हणतात की आवडू थोडा वेळ फरशीवर उभी राहून वरच्या वाडीकडे बघत होती, जिथे सकाळच्या चुलींचा धूर वर चढत होता. मग तिने नाखव्याने धरलेला तोच हात वर केला.

"आठ!" ती ओरडली. "नाखवो आठ दिता! आणि ह्यो आमका एक दिता!"

दोनचार शेतकऱ्यांनी पुढे केलेल्या टोपल्या मागे ओढल्या.

"शपथ मोडलंस गो!" गोपशेट किंचाळला. "खुळी झाली ही! तिकडे मिरी कोण खायना. गलबत येता ता आमच्यावर उपकार करूक!"

"उपकार करूक कोण असो दर्यो ओलांडता?" आवडू म्हणाली. "उपकाराक वल्ही मारूची लागतत काय रे, शेट?"

कुणीतरी हसले. त्या हसण्याने फरशीवरची भीती मोडली. आवडूच्या मागोमाग बाजारात आलेला धाकूच पुढे झाला आणि त्याने ते उपरणे ओढून काढले. नाखव्याला शब्द कळले नव्हते, पण मघाशी आपण कुणाचा हात धरला होता, ते आवडूच्या वर धरलेल्या हाताकडे बघून त्याला आता कळले. तो उभा राहिला. उघडा पंजा त्याने सगळ्यांना दाखवला, मग दोन बोटे, मग एक. उपरणे उंडीच्या फांदीवर फेकले गेले ते तिथेच राहिले. गोपशेट त्याच भरतीला गावातून गेला. पुढच्या माघात वेली तोडणारे हात नवे फुटवे लावत होते.

आवडूच्या वेलीला मात्र त्या वर्षी फळ धरले नाही. त्यापुढेही नाही. धाकूने कोयतीचे नाव काढले नाही. उलट तिच्या म्हातारपणी त्यानेच त्या वेलीचा फुटवा आणून उंडीखाली लावला. तो चढला, पसरला, आणि तोही वांझ राहिला.

आजही तेरवळ्यात मिरी घेणारा आधी खांद्यावरचे कापड झाडाला टांगतो आणि उघडा हात वर करून दोन भाव पुकारतो. पहिला तिकडचा, मग इथला. आता निर्यातदारांची माणसे मोबाइलवर बघून कोचीचा भाव, व्हिएतनामचा भाव, परदेशी बंदरातला भाव मोठ्याने वाचतात. भाव चढो की पडो, दोन्हींत अंतर का आहे, ते सगळ्यांसमोर सांगावे लागते. कुणी पुटपुटला की बायका मागून ओरडतात, "हात वर कर रे!"

बाजार उठला की सोनू घाडी देवीला कौल लावतात. देवीच्या अंगावर दोन कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पावसाचे, पिकाचे, लग्नाचे सगळे प्रश्न होतात आणि कळ्या पडतात. सगळ्यात शेवटी गाव एक प्रश्न विचारते. खोटे बोलणाऱ्याला काही झाले नाही आणि खरे बोललेल्या बाईची वेल वांझ राहिली, हा न्याय तुझा का?

लोक संध्याकाळपर्यंत बसून राहतात. त्या प्रश्नाला आजवर एकही कळी पडलेली नाही.