परका पाय

एका राज्यात शस्त्रवैद्यांची पाती सदैव थरथरत असत. पूर्वी तेथील एका वैद्यापुढे कोणी मनुष्य येऊन म्हणाला होता, "हा हात माझा नाही. काढून द्या." वैद्याने अर्धेच ऐकले, हसला, आणि त्याला घालवून दिले. त्या मनुष्याने स्वतःच कुऱ्हाड चालवली आणि मरताना शापवाणी उच्चारली, "माझ्यासारख्याचे कोणी शेवटपर्यंत ऐकेपर्यंत येथे एकही पाते स्थिर राहणार नाही." तेव्हापासून साधे गळू फोडणेही अशक्य झाले. माणसे ठणका सोसत मरत. राजाने मात्र कायदा केला: निरोगी अवयव कापील, त्याचा उजवा हात तोडावा.

त्या राजा वज्रसेनाचा पुत्र उदयभान. त्याचा डावा पाय धडधाकट होता, पण तो म्हणे, "गुडघ्याखाली कोणी परका राहतो." बसला की उठे, उठला की येरझारा घाली. एकदा त्याने तो पाय हत्तीच्या वाटेत ठेवला. माहुताने अंकुश मारला, म्हणून वाचला.

अखेर तो सुवत्सला वैद्येकडे आला.

ती म्हणाली, "युवराज, तोडलेले पुन्हा जुळत नाही. आधी तीन कसोट्या. ही साळुंकी साक्षीला येईल. हिला खोटे बोलता येत नाही."

"गोडही बोलता येत नाही," साळुंकी म्हणाली.

पहिल्या कसोटीत मांत्रिकाने पायावर भस्म टाकले. करणी असती, तर ते काळे पडते. पांढरेच राहिले.

दुसऱ्या कसोटीत युवराजाने विस्मृतीच्या डोहात बुडी घेतली. वर आला, तेव्हा नाव, पिता, राज्य, सारे पुसले गेले होते. अंग वाळेपर्यंत ती विस्मृती टिकणार होती. तो खाली पाहून दचकला. "हा पाय कोणाचा?"

तिसऱ्या कसोटीत पाय दुमडून बांधला आणि तो पावसाळाभर कुबडीवर वावरला.

साळुंकीने दरबारात साक्ष दिली, "बांधला की झोपे. सोडला की उठून बसे. चिखलात पडला तेव्हा रडला. मी हसले. तरी सोड म्हणाला नाही."

"निरोगी पाय कापणार? वैद्या आहेस की खाटीक?" राजा गरजला.

"पाय निरोगी आहे, महाराज. युवराज नाहीत. कापल्यावर कायद्याप्रमाणे माझा हात घ्या."

तिने पाते उचलले. ते थरथरत होते.

"युवराज, उद्या पश्चात्ताप झाला तर?"

"झाला, तर तो माझा असेल. हा पाय तेवढाही माझा नाही."

"आणखी काही सांगायचे आहे?"

"भीती वाटते."

"मलाही. मी योग्य करते आहे, अशी माझी खात्री नाही. पण आपले सारे ऐकले आहे."

पाते स्थिर झाले.

काम उरकले. सुवत्सलेने हात धुतले आणि उजवा हात राजापुढे धरला. राजाने तलवार उपसली. मग त्याची नजर पुत्राकडे गेली. उदयभान अंग सैल सोडून निजला होता. पाय न बांधता तो असा निजलेला राजाने कधी पाहिला नव्हता.

पाते स्थिरावल्याची वार्ता ऐकून बाहेर गळवांचे, सडल्या जखमांचे रोगी दारापर्यंत दाटले होते.

राजाने तलवार म्यान केली. "तो हात तिकडे लागेल. जा, वैद्यबाई. आणि कायदा आजपासून असा: शिक्षा न ऐकता कापणाऱ्याला, आणि न ऐकता हाकलणाऱ्यालाही."

जशी त्या राज्यातली पाती स्थिरावली, तशी ऐकणाऱ्यांची मनेही स्थिरावोत.