तळाची फळी

फळ्यासुद्धा बोलत असत, तेव्हाची गोष्ट. बंधाऱ्याला लाकडी फळ्या लावून गाव नदीचं पाणी अडवायचं. तळाची एक फळी मात्र खालच्या डोहातल्या माशांसाठी काढून ठेवायची रीत होती. एका वर्षी पाणी सोडणाऱ्या रखमाजीनं तीही ठोकून बसवली.

“मला काढ रे,” फळी म्हणाली. “डोह आटतोय. मासे माझ्यावर डोकं आपटतायत.”

“आपटू दे. ऊस वाळला तर गाव माझं डोकं फोडंल.”

रोज तिन्हीसांजेला ठकठक ऐकू यायची. एके दिवशी ती थांबली. रखमाजी बंधाऱ्याकडे धावला. त्यानं फळी उपसून खांद्यावर टाकली. पाणी धो धो डोहात कोसळलं. त्यानं लाह्या फेकल्या. एकही मासा वर आला नाही.

तो घराकडे वळला, तेव्हा खांद्यावरची फळी आतून वाजू लागली. ठक, ठक.