बदाम वाळेना

एका कौलारू घराच्या माळ्यावर इटुकली उंदरी राहायची. एकटीच. बोलायला कोणी नाही. भांडायलाही कोणी नाही.

तिच्याकडे एक बदाम होता. रात्रभर तिने तो करवंटीतल्या पाण्यात भिजवला. बुडुक. भिजला की पोटाला हलका. मग उन्हात वाळवायचा. वाळला की वाजतो, कुडुम. तिच्या घरात तेवढाच काय तो आवाज.

सकाळ झाली. छपरात एक काचेचं कौल होतं. त्यातून रोज ऊन पडायचं, पोळीएवढं. आज पडलंच नाही. वर बघते तर काय, काचेवर मांजर झोपलेलं. घुर्र घुर्र. मांजरं म्हणजे उन्हाची भारी चोर. सगळं ऊन आपल्या पाठीवर.

बदाम ओलाच. ओला राहिला तर बुरशी धरणार. आणि दुसरा बदाम नाही.

इटुकली काचेखालून म्हणाली, जरा लांबूनच,
"मनीमावशी, मनीमावशी, ऊन पडेना, बदाम वाळेना. ऊठ ना."
मांजर म्हणालं, "दूध तापू दे. वास आला की उठेन."

तुरू तुरू तुरू. इटुकली दुधाकडे गेली.
"दुधा, दुधा, मांजर उठेना, ऊन पडेना, बदाम वाळेना. ताप ना."
दूध म्हणालं, "चूल पेटू दे. मग तापेन."

तुरू तुरू तुरू. इटुकली चुलीकडे गेली.
"चूलताई, चूलताई, दूध तापेना, मांजर उठेना, ऊन पडेना, बदाम वाळेना. पेट ना."
चूल म्हणाली, "अंबूकाकू फुंकू देत. मग पेटेन."

अंबूकाकूंचं हे घर. त्याही एकट्याच. हनुवटीला हात लावून दारात बसलेल्या.

तुरू तुरू तुरू.
"काकू, काकू, चूल पेटेना, दूध तापेना, मांजर उठेना, ऊन पडेना, बदाम वाळेना. फुंका ना."
काकू म्हणाल्या, "एकटीसाठी कशाला पेटवू चूल? चहाला कोणी येणार असेल तर फुंकते."

इटुकलीला कधी कोणी चहाला बोलावलंच नव्हतं.
"मी येते," ती म्हणाली. "दुपारी. बदाम वाळला की."
"तू? पिशील केवढा?"
"थेंबभर."
"ये मग."

काकूंनी फुंकलं. फू फू फू.
चूल पेटली. भक्क.
दूध तापलं. सुर्र.
मांजर उठलं. धप्प.
ऊन पडलं. लख्ख.

मांजर दूध प्यायलं आणि मिशा पुसत शेजारी गेलं.

इटुकलीने बदाम उन्हात ठेवला. बघत बसली. ही कूस वाळली. ती कूस वाळली. दुपारी बदाम खडखडीत.

अर्धा तिने खाल्ला. कुडुम कुडुम. अर्धा तोंडात धरून खाली गेली.

काकूंनी चहा ओतला होता. एक कप. शेजारी बाटलीचं एक झाकण. झाकणात थेंबभर चहा.

काकूंनी बदाम खाल्ला. कुडुम.
इटुकली चहा प्यायली. चुटुक.

झाकण रिकामं झालं. इटुकली निघाली.

"ए," काकू म्हणाल्या, "उद्या किती वाजता येतेस?"