खिडकीखालची जागा

हत्यारं अजून माणसांशी बोलायची, तेव्हाची गोष्ट. विष्णूआप्पांच्या घरामागच्या शेडमध्ये, खिडकीखाली एक लेथ होता. ओबडधोबड लोखंडी दांडा तो बघता बघता गुळगुळीत गोल करून द्यायचा.

एकदा आप्पांना दांड्यात लांब खाच पाडायची होती. "आता मिलिंग मशीन आणावं लागणार," ते म्हणाले. लेथने वर खिडकीकडे पाहिलं. उजेडाची जागा एकच. ती गेली तर?

"आप्पा, मी असताना मिलिंग मशीन कशाला?"

आप्पांनी त्याच्यातच कटर बसवला. लेथ बुडापासून हादरला, पण खाच पडली.

"लेथराव, हे हादरे तुमच्या हाडांना सोसायचे नाहीत हो," जुनी कानस म्हणाली.

"तू आपली घासत बस, म्हातारे!"

मग रोज तेच काम गळ्यात पडलं. वर्षभरात लेथचे सांधे ढिले झाले. साधा दांडा गोल करायला घेतला, तर वांग्यासारखा निघाला.

आठवड्याने खिडकीखाली नवं मशीन आलं. नवाकोरा लेथ!

"जुन्याचं काय करू, आप्पा?" हमालाने विचारलं.

"ढकल तिकडे कानशीजवळ. खाचा पाडेल."

कानस जरा सरकली. "या, मिलिंग मशीन, बसा."