बाजाराचा तास

ज्या काळी शाळेची घंटा म्हणजे चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा होता, त्या काळी एका गावात एक गुरुजी होते. ते मोठ्या मुलांना गणित शिकवायचे आणि गुरुवारी एक तास बाजाराचा घ्यायचे. शाळेमागच्या वाफ्यांत मुलं भाजी लावायची, ती आठवडी बाजारात नेऊन विकायची, आणि आलेल्या पैशांतून पुढचं बी घ्यायची. काय लावायचं ते मुलांनीच ठरवायचं.

शाळा समितीच्या अध्यक्षांना, म्हणजे आप्पांना, हे मुळीच पटत नव्हतं. पोरं शाळेत शिकायला येतात की भाजी विकायला, असं ते चारचौघांत विचारायचे. त्यांनी बजावून ठेवलं होतं, ज्या दिवशी तोटा होईल त्या दिवशी हा तास बंद.

त्या वर्षी वर्गाची पुढारी होती द्वारका. बोलायला फटकळ, पण बाजारात तिच्यासारखी आरोळी दुसऱ्या कुणाची नव्हती. गुरुवारची ती सगळा आठवडा वाट बघायची. ओल्या गोणपाटाचा वास, तराजूची खणखण आणि उरलेल्या चिल्लरीत मिळणारी गुडदाणी, तिच्यासाठी शाळा म्हणजे एवढंच होतं.

भाद्रपदातल्या झडीत सगळीकडची कोथिंबीर सडली आणि जुडीचा भाव आभाळाला भिडला. द्वारकेनं वर्गाला पटवलं की औंदा सगळ्या वाफ्यांत कोथिंबीरच लावायची. एकदोघं मुळा, मेथी म्हणाले, तर तिनं त्यांना भित्री भागूबाई म्हणून गप्प केलं. सगळी शिल्लक घालून तिनं धणे आणले.

गुरुजींनी एवढंच विचारलं, “दुकानात गर्दी होती का गं?”

“मुंगी शिरायला जागा नव्हती, गुरुजी,” ती ऐटीत म्हणाली.

गुरुजी हसले आणि म्हणाले, “बरं. पेरा.”

दीड महिन्यानं वाफे हिरवेगार झाले. मुलं डोक्यावर पाट्या घेऊन बाजारात गेली आणि वेशीतच थबकली. बैलगाड्यांत कोथिंबीर, पालांखाली कोथिंबीर, देवळाच्या पायऱ्यांवरही कोथिंबीर. दुपारी लोक ती फुकट द्यायला लागले, संध्याकाळी गुरांपुढे टाकायला. द्वारकेचा आवाज बसला, पण तिची पाटी काही हलली नाही.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. अध्यक्ष म्हणाले, “झाला ना तोटा? आता तास बंद.” गुरुजींनी द्वारकेकडे पाहिलं. ती उठली.

“आप्पा, बी घ्यायच्या रांगेत तुम्ही माझ्या पुढं होता. दोन पोती धणे घेतलेत.”

अध्यक्षांचा चेहरा पडला. त्यांच्या रानात दोन एकर कोथिंबीर उभीच होती, हे गावाला ठाऊक होतं.

“मला वाटलं, अध्यक्षच लावतायत म्हणजे आपलं बरोबर आहे,” ती म्हणाली. “खरं तर तुम्हाला बघून मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. गुरुजींनी गर्दीचं विचारलं तेव्हा मला ते कळलं नाही. काल बाजारात कळलं.”

सभेत खसखस पिकली. अध्यक्षांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “पोरी, तू चार वाफ्यांत शिकलीस. मला हे शिकायला दोन एकर घालावे लागले. गुरुजी, तास चालू द्या.”

तास पुढं कितीतरी वर्षं चालला. मग वरून हुकूम आला की ज्याला गुण नाहीत त्याला वेळ नाही. वाफ्यांवर फरशी बसली, रुळाचा तुकडा भंगारात गेला, आणि बाजार पुस्तकात दोन गुणांचा प्रश्न होऊन बसला. हुकूम काढणाऱ्यांपैकी कुणी कधी पाटी उचलली नव्हती.

द्वारका आता आजी झाली आहे. तिच्या नातीला त्या प्रश्नात दोनपैकी दोन मिळाले. पुरवठा वाढला की किंमत उतरते, हे तिनं घडाघडा म्हणून दाखवलं. त्याच संध्याकाळी ती साठवलेल्या खाऊच्या पैशांचा डबा घेऊन आली. फोनवर एक योजना होती, महिन्यात पैसे दुप्पट. वर्गातल्या सगळ्यांनी घातले, आता हिलाही घालायचे होते.

आजीच्या नाकात कित्येक वर्षांपूर्वीच्या कोथिंबिरीचा वास दरवळला.

“गर्दी आहे का गं तिथं?” तिनं विचारलं.

“खूप, आजी.”

“मग डबा ठेव फळीवर. गुरुवारी माझ्याबरोबर बाजारात चल. तिथून आल्यावर तुला घालावेसे वाटले, तर घाल.”

तात्पर्य: भाव काय, हे सगळेच विचारतात. आपल्यासोबत आणखी किती जण त्याच्याच मागं धावतायत, हे विचारायला शिकवावं लागतं. ते मुलांना वाफ्यात शिकू दिलं नाही, तर मोठेपणी एकरानं शिकावं लागतं.